चिखल आम्ही तुडवायचा, प्रमाणपत्र कुणाला?

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांच्या आसपास एक नवे शिक्षण सुरू झाले आहे. शनिवार-रविवारी सुशिक्षित मंडळी एखाद्या शेतघरावर जमतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि चिखल तुडवतात. मातीचे घर कसे बांधावे, याची ही कार्यशाळा असते. फी हजारांत असते, जेवायला पिठले-भाकरी असते आणि जाताना प्रमाणपत्र मिळते. या मंडळींशी माझे भांडण नाही. हाताने काम करायला कुणी पुढे येत असेल तर चांगलेच आहे. प्रश्न निराळा आहे. त्या कार्यशाळेत मातीचा गोळा हातात दाबून "अजून दोन दिवस भिजू द्या" असे सांगणारा माणूस कोण असतो? जमीन सारवून दाखवणारी बाई कोण असते? ती माणसे बहुधा वडार असतात, मातंग असतात, बौद्ध असतात, आदिवासी असतात. कागदावर त्यांची नोंद मजूर म्हणून होते. ज्यांना येते ते मजूर आणि ज्यांना येत नाही ते दोन दिवसांत प्रमाणित, असा हा व्यवहार आहे.

म्हणून हा लेख. मातीचे बांधकाम आपल्या तरुण मुलामुलींनी शिकले पाहिजे, प्रत्यक्ष हाताने शिकले पाहिजे आणि ते आपल्या नावावर नोंदवून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे. चळवळीतल्या अनेकांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेऊ, कारण ते खोटे नाही.

आपल्या माणसाला स्लॅबचे घर हवे असते ते केवळ हौसेखातर नाही. अस्पृश्याने काय केले म्हणजे गुन्हा होतो, याची जी यादी बाबासाहेबांनी मांडली, तिच्यात कौलारू छपराचे घर बांधणे हेही आहे. गावाने आपल्याला घर कसले असावे हे ठरवून दिले होते, आणि ते माती-गवताचे असावे असेच ठरवले होते. ज्या म्हातारीने पावसाळ्यात रात्रभर गळक्या छपराखाली भांडी सरकवत दिवस काढले, तिला घरकुलाच्या पक्क्या भिंतीवर हात फिरवताना काय वाटते ते शेतघरावर चिखल तुडवणाऱ्याला कळणार नाही. गरिबाने मातीतच राहावे, साधेपणात सुख आहे, असे सांगणारे महात्मे या देशात पुष्कळ झाले. सेवाग्रामची कुटीही माती-बांबूचीच आहे. तिची निगा राखली जाते, लोक ती पाहायला येतात आणि तिला कुणी कच्चे घर म्हणत नाही. तीच माती आपल्या वस्तीत आली की सर्वेक्षणाच्या रकान्यात 'कच्ची' होते. तेव्हा मी कुणालाही मातीत परत जा असे सांगत नाही. सिमेंटचे घर हवे त्याने जरूर बांधावे. मी बोलतो आहे ते कसबाबद्दल आणि त्या कसबाच्या मालकीबद्दल.

हे कसब आपले होते का? होते. महार वतनाच्या कामांत सांगावे पोचवणे, सरकारी भरण्याला सोबत करणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच कामांत गावकुसाची आणि चावडीची डागडुजीही होती. ज्याचे घर कुसाबाहेर, त्यानेच कूस लिंपायची! आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग आहेत, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीची माती म्हणजे पिढ्यान् पिढ्या पडलेली आणि पुन्हा उभी राहिलेली घरे, चुलीची राख, शेण, काडीकचरा. गढ्यांचे बुरूज आणि माळवदाची छपरे त्याच मातीची. ती कुठून खणायची, किती भिजवायची, पावसाळ्याआधी माळवदावर किती अंथरायची हे ज्यांना माहीत होते त्यांना त्या पांढरीत राहण्याचा हक्क नव्हता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली. वेठ सुटली. ती सुटायलाच हवी होती. पण वेठीबरोबर आपण वेठीतले ज्ञानही उकिरड्यावर टाकले आणि पुढे दुसऱ्यांनी ते वेचून नेले. सक्ती आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सक्ती नाकारली म्हणून विद्या का सोडायची?

या ठिकाणी विनयपिटकातली एक हकिकत सांगितली पाहिजे. ती चुल्लवग्गात सेनासनाच्या, म्हणजे निवासाच्या प्रकरणात आहे. वैशालीत लोक मोठ्या आस्थेने विहारांची बांधकामे करीत होते. भिक्खू तिथे देखरेख करीत, सूचना देत. एका गरीब शिंप्याने हे पाहिले. लोक एवढ्या आदराने हे करतात त्या अर्थी ते काही लहानसहान काम नसणार, आपणही करावे, असे त्याला वाटले. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण कसब नव्हते. रचाई वाकडी गेली आणि भिंत पडली. त्याने पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच झाले. तेव्हा तो संतापून म्हणू लागला की हे शाक्यपुत्र श्रमण जे चीवर आणि भोजन देतात त्यांनाच शिकवतात, त्यांच्याच बांधकामाकडे लक्ष देतात. मी दरिद्री, मला कोण शिकवणार?

तक्रार तथागतांपर्यंत गेली. त्यांनी शिंप्याला तुझे काम कपडे शिवण्याचे, तू ते कर, असे सांगितले नाही. उलट त्यांनी भिक्खूंना 'नवकम्म' सोपवण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे एका भिक्खूने बांधकामाची जबाबदारी घ्यायची, ते लवकर पुरे कसे होईल ते पाहायचे आणि मोडले-तुटले असेल ते दुरुस्त करायचे. वकील म्हणून मला या प्रकरणात एक गोष्ट फार मोठी वाटते. भिंत पडल्याचा ठपका शिंप्याच्या जन्मावर किंवा हातावर ठेवला गेला नाही. शिकवणारा माणूस मिळत नाही ही उणीव मान्य झाली आणि तिच्यावर नियम झाला. गरिबालाही शिकवणारा मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या धम्माच्या दफ्तरात अडीच हजार वर्षांपासून नोंदलेली आहे.

(विनयात मातीच्या घराची आणखी एक गोष्ट आहे. राजगृहाजवळ धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूने अख्खी कुटी मातीची केली आणि गवत, लाकूड, गोवऱ्या रचून ती भाजली. तांबडीलाल, सुंदर झाली होती म्हणतात. पण भाजताना बारीक जीव मेले असणार, म्हणून तथागतांनी ती मोडायला लावली. मग धनियाने घरासाठी राजाच्या साठ्यातले लाकूड नेले आणि न दिलेली वस्तू घेण्याविरुद्धचा पाराजिक नियम त्यातून आला. चोरीचा नियम घराच्या गरजेतून निघावा, हे कोर्टात रोज उभे राहणाऱ्याला सहज पटते.)

आता शिंप्याची भिंत का पडली ते पाहू, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. माती म्हणजे एक वस्तू नव्हे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, ती एकटी भिंतीला चालत नाही. मुरमाड, तांबडी किंवा पांढरीची माती लागते, शिवाय वाळूचे प्रमाण जुळावे लागते. वरचा मुळ्या-पाचोळ्याचा थर काढून टाकून खालची माती घ्यायची. बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी ओतायचे, घुसळून ठेवून द्यायची. आधी वाळू बसते, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. थर बोटाने मोजता येतात. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करून तळहातावरून पुढे सरकवायची. लगेच तुटली तर चिकटपणा कमी, लांबच लांब लोंबली तर जास्त. जाणती बाई हे सगळे न करता नुसती चिमूट चोळून सांगते. पण आपल्याला त्या बाईची चिमूटही हवी आणि बरणीही हवी, कारण चिमूट अंदाजपत्रकात लिहिता येत नाही.

मग भिजवणे, तुडवणे, भुसा किंवा काड मिसळणे. गोळे थापून भिंत चढवायची ती एका दिवसात बेताचीच, खालचा थर सुकल्याशिवाय वर जायचे नाही. घाई केली की भिंतीला पोट सुटते. खाली दगडी जोते हवे, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. वळचण पुढे हवी, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. मातीची भिंत जिथे पडते तिथे नव्वद टक्के वेळा पाणी खालून तरी शिरलेले असते किंवा वरून तरी. (टक्केवारी माझी, वस्त्या फिरून केलेली.) आणि मातीवर सिमेंटचा गिलावा करण्याचे जे खूळ आहे, त्याने ओल आत कोंडते आणि पोपडा सुटतो तो माती घेऊनच. त्या भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा लागतो. हे सगळे वाचून समजते, पण हाताला समजायला एक अख्खी भिंत आपण स्वतः चढवावी लागते. ओळंबा सोडून दिला की काय होते ते पुस्तक सांगते. किती सोडला की होते ते हात सांगतो.

मातीच्या घराबद्दल बोलताना किल्लारी विसरून कुणी बोलू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे झोपेत गाडली गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो दोन-तीन फूट जाडीच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाने. माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. त्याच भागात कुडाच्या आणि हलक्या छपराच्या झोपड्या बऱ्याच प्रमाणात टिकल्या. २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या बन्नीतले गोल मातीचे भुंगे टिकले आणि भुजमधल्या कित्येक सिमेंटच्या इमारती पडल्या. म्हणजे नुसती माती मारत नाही आणि नुसते सिमेंट तारत नाही. आकार, वजन आणि कोपऱ्यांची बांधणी या गोष्टी मारतात किंवा तारतात. म्हणूनच परंपरा म्हणून जे आले ते सगळे डोक्यावर घ्यायचे नाही. भारतीय मानक संस्थेने त्याच १९९३ साली मातीच्या घरांना भूकंपात टिकाव कसा द्यावा यासाठी आयएस १३८२७ हे मानक काढले. भिंत किती लांब-उंच असावी, दारे-खिडक्या किती असाव्यात, पट्टा कुठे बांधावा हे त्यात दिले आहे. दाबून केलेल्या मातीच्या विटांना आयएस १७२५ आहे. आपल्या पोरांनी आजीची चिमूट शिकावी आणि ही दोन मानकेही पाठ करावीत. यातले एक सोडून दुसरे धरणारा अर्धाच गवंडी.

विटांचा विषय निघाला म्हणून सांगतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हे केंद्र निघाले आणि दाबयंत्रातून काढलेल्या मातीच्या विटांवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले. पुढे ऑरोव्हिलनेही ते तंत्र शिकवले. मातीत साधारण पाच टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबायचे, मग काही आठवडे ओली ठेवून मुरू द्यायची. भट्टी लागत नाही. वीटभट्टी म्हणजे काय हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. उचल घेऊन अख्खे कुटुंब जाते, पोरांची शाळा जाते आणि हंगाम संपला तरी हिशेब संपत नाही. वस्तीतल्या दहा जणांनी एक हातयंत्र घेऊन आपल्याच घरांच्या विटा पाडल्या, तर निदान तेवढ्या विटांपुरती ती उचल टळते.

आता कायद्याकडे येतो. कुठलीही योजना आली की मी आधी व्याख्या वाचतो. सर्वेक्षणात मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत म्हणजे कच्चे घर, एवढेच लिहिलेले असते. पण ग्रामीण घरकुल योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पक्के घर कशाला म्हटले आहे? वापर आणि ऊन-पाऊस सोसून, बेताच्या देखभालीने निदान ३० वर्षे टिकेल ते. छप्पर कायमस्वरूपी साहित्याचे हवे, भिंती स्थानिक हवामानाला टिकणाऱ्या हव्यात. भिंत सिमेंटचीच हवी असे त्यात नाही. तरीही कनिष्ठ अभियंता मातीच्या विटांच्या भिंतीचा हप्ता सोडायला तयार होत नाही, कारण त्याला तसे करायचे ठाऊक नसते आणि आपल्याला तसे भांडायचे ठाऊक नसते. मैदानी भागात केंद्र-राज्याचे मिळून योजनेचे अनुदान १ लाख २० हजार रुपये, राज्य त्यात भर घालते, तरी वाळू-सिमेंटचे भाव पाहता कित्येक घरकुले जोत्यावर किंवा लिंटलवर थांबलेली दिसतात. जी पुरी होतात त्यांच्यावर पुष्कळदा पत्रे असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आत बसवत नाही.

नुकसानभरपाईतही हाच भेद आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती-निकषांत अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये होते आणि कच्च्यासाठी ४,०००. तलाठ्याच्या पंचनाम्यातल्या एका शब्दाने अडीच हजार रुपये जातात. तो शब्द कोण ठरवतो?

याच योजनेत गवंडी प्रशिक्षणाची तरतूद आहे. ४५ दिवसांचे प्रशिक्षण, वर्गात थोडे आणि खऱ्या लाभार्थ्याच्या खऱ्या घरावर जास्त, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. म्हणजे ज्या शिक्षणासाठी शहरी माणूस फी मोजतो ते आपल्याला सरकारी खर्चाने मिळू शकते, तेही दोन नव्हे, पंचेचाळीस दिवस. आपल्या किती वस्त्यांतून नावे गेली? आणि त्या प्रशिक्षणात मातीच्या भिंतीचे, दाबलेल्या विटांचे काम घ्या असा ठराव किती ग्रामसभांत झाला? बांधकाम कामगारांच्या नोंदणीचेही तेच. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याची नोंद होऊ शकते, १९९६ च्या कायद्यात होते आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. लिंपणारी, सारवणारी, माती वाहणारी बाई ही बांधकाम कामगारच आहे. तिला घरकामवाली समजून वगळले जाते.

बायकांचा मुद्दा इथेच संपत नाही. मातीच्या घराची निगा राखायची कुणी? दर सणाला सारवायचे कुणी? बाईनेच. मातीच्या घराचे गोडवे गाणारे पुरुष हे सोयीस्करपणे विसरतात. म्हणून मला पारंपरिक घर जसेच्या तसे नको आहे. फरशी घाला, खालच्या दोन-तीन फुटांना चुन्याचा गिलावा द्या, तिची कंबर मोडणार नाही असे करा. किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत शेकडो गावांतून बायकांना संवाद सहायक नेमले होते. घरे मजबूत कशी करायची हे त्यांनी लोकांना समजावले, कामावर लक्ष ठेवले. त्या वेळी जे जमले ते आता का जमू नये?

आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या गरीब देशातले फ्रान्सिस केरे यांचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. त्यांच्या गावातून शाळेत गेलेले ते पहिले मूल. सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेले, तिथे वास्तुशास्त्र शिकले आणि शिकत असतानाच गावात शाळा बांधायला निघाले. मातीची शाळा म्हटल्यावर गावकरी नाराज झाले. मातीची घरे पावसात पडतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. जर्मनीत शिकून आलास आणि मातीच दाखवतोस? केरे यांनी विटा पाडून, पाण्यात ठेवून, वर उभे राहून दाखवले. गावातल्या पुरुषांनी भिंती चढवल्या, बायकांनी जमीन धुमसून घट्ट केली. छपराचा पत्रा भिंतीवर न टेकवता उंच उचलला, म्हणजे गरम हवा मधून निघून जाते. शाळा २००१ साली पुरी झाली. २०२२ साली केरे यांना वास्तुशास्त्रातला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकन. मला त्या पुरस्कारापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की त्या बांधकामावर शिकलेली माणसे पुढे कसबी कामगार म्हणून बाहेरच्या कामांवर जाऊ लागली.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? विहारापासून करा. बहुतेक विहारांना आवार असते आणि त्याची संरक्षक भिंत कायम 'पुढच्या निधीत' असते. दिवाळीनंतर माती भिजवली तर मृगाच्या आत चाळीस-पन्नास फूट भिंत सहज होते, आणि पडली तरी कुणाच्या डोक्यावर पडत नाही. पहिली भिंत शिकायचीच असते. शिकवायला वस्तीतल्या किंवा शेजारच्या वडार वस्तीतल्या जाणत्या बाईला बोलवा आणि तिची हजेरी कुशल गवंड्याच्या दराने लावा, मजुराच्या नव्हे. शिकणाऱ्यांची नावे, कामाचे दिवस आणि तारखा एका वहीत लिहून ठेवा, खाली ग्रामसेवकाची सही घ्या. नव्वद दिवस भरले की तीच वही नोंदणीच्या अर्जाला जोडता येते. ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा आणि अभियंत्याला द्यायचा अर्ज, ज्यात ती ३० वर्षांची व्याख्या आणि दोन्ही मानकांचे क्रमांक आहेत, मी तयार केले आहेत. ज्या वस्तीला हवे असतील तिने मागावेत, फी नाही.